क्राऊनचे दात आणि डिझेलचा हिशोब



एरवी या पानावर मी खत, पाणी, फवारणी, टोमॅटोच्या बागेतल्या नोंदी टाकतो. आज गाडीबद्दल लिहितोय. कारण सरळ आहे. माल शेतातून बाजारात न्यायला जो खर्च होतो तो पण पिकाचाच खर्च आहे, आणि त्यात डिझेलचा वाटा मोठा. जानेवारी 2013 पासून डिझेल दर महिन्याला चाळीस-पन्नास पैशांनी चढायला लागलं, ऑक्टोबर 2014 मध्ये त्याचा भाव बाजारावर सोडला, आणि जून 2017 पासून तो रोजच्या रोज ठरायला लागला. टोमॅटोचा भाव पण रोज ठरतो, पण तो आपल्याला विचारून ठरत नाही. राहिलं काय हातात? गाडीचं ॲव्हरेज.

आता विषयाचं तातडीचं कारण. माझ्या पुतण्याने कर्ज काढून पिकअप घेतली आहे. आमच्या वस्तीवरचे सात-आठ जण त्याच्याच गाडीने माल पाठवतात. कधी नारायणगावच्या बाजारात, भाव बरा असला तर वाशीला. टायर घासलेत, बदलायचे आहेत. त्याला कोणीतरी सांगितलं की मोठे टायर टाक, गाडी एका फेऱ्यात जास्त पळते, ॲव्हरेज वाढतं. दुसरा म्हणाला क्राऊन-पिनियनच बदल. पुतण्या माझ्याकडे आला, "आप्पा, तुम्ही सांगा." मी दहावी पास माणूस, पण जीप, टेम्पो, ट्रॅक्टर यांच्या मागं पस्तीस वर्षं गेली. त्याला तोंडी जे सांगितलं तेच इथं लिहितो. पण सुरुवात जुन्या काळापासून करावी लागेल, कारण हा प्रश्न जुना आहे.

आपल्या वाडवडिलांची बैलगाडी आठवा. लाकडी चाक, त्यावर लोखंडाची धाव. पुढं उसाच्या गाड्यांना रबरी टायर आले. बैल तेच, रस्ता तोच, पण टायरगाडीत ऊस किती तरी जास्त भरायला लागले. बैलांची ताकद काही वाढली नव्हती. चाक फिरवताना जी ताकद फुकट जात होती ती कमी झाली, एवढंच. टायरची सगळी विद्या या एका गोष्टीत आहे.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट 1845 चं, स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांचं. ते चाललं नाही. 1888 मध्ये जॉन डनलॉप यांनी मुलाच्या सायकलसाठी परत तीच गोष्ट केली आणि ती जगभर गेली. ट्रॅक्टरला मात्र रबर यायला 1932 उजाडलं. अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरवर फायरस्टोनचे हवेचे टायर दिले. तोपर्यंत ट्रॅक्टर लोखंडी चाकावर चालायचा. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना, म्हणून कंपनीने ट्रॅक्टरच्या चक्क शर्यती लावल्या. पण खरा फरक शर्यतीत नव्हता. लोखंडी चाकावर ट्रॅक्टर रस्त्याने नेता येत नसे आणि इंजिनाची बरीच ताकद चाकाखालीच जिरत असे. रबर आलं तसे ट्रॅक्टरला वेगाचे गिअर द्यावे लागले. टायर आणि गिअर ही जोडी आहे, एक बदललं की दुसऱ्याचा हिशोब बदलतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता गिअर. आपल्याकडच्या सगळ्या पिकअपची आजी म्हणजे जीप. अमेरिकेत टोलेडो इथं विलीज कंपनीने दुसरं महायुद्ध संपता संपता, 1945 मध्ये, सीजे-2ए ही शेतकऱ्याची जीप काढली. कंपनीचं म्हणणं होतं की हीच गाडी नांगर ओढेल, हीच ट्रॉली नेईल, हीच पट्ट्यावर यंत्र चालवेल आणि हीच तुम्हाला गावात घेऊन जाईल. नांगर ओढायचा म्हणजे चाकावर जोर पाहिजे. म्हणून तिच्या मागच्या हाऊजिंगमध्ये 5.38 चा क्राऊन-पिनियन होता. क्राऊनला 43 दात, पिनियनला 8. म्हणजे शाफ्ट पाच वेळा आणि वर थोडा फिरला की चाक एकदा फिरणार. त्याआधीच्या लष्करी जीपला 39 आणि 8 दात होते, म्हणजे 4.88. शेतीची जीप लष्करी जीपपेक्षाही खालच्या गिअरची होती.

हीच जीप 1947 पासून महिंद्राने आपल्याकडे जुळवायला घेतली आणि पुढं सीजे-3बी तर कितीतरी वर्षं इथं बनत राहिली. पण आपल्याकडे जीपने नांगरट किती केली? फारच थोडी. तिने माणसं वाहिली, दूध वाहिलं, भाजी वाहिली, लग्नाची वऱ्हाडं वाहिली. म्हणजे नांगरासाठी दिलेला गिअर रस्त्यावर पळत राहिला.

त्याचा हिशोब करून पाहू. जीपचा 16 इंची टायर एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर जातो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1000 मीटर. 1000 ला 2.2 ने भागा, चाकाचे मिनिटाला 454 फेरे. जीपचा तिसरा, म्हणजे टॉपचा गिअर सरळ होता, एकास एक. 454 गुणिले 5.38, इंजिन मिनिटाला 2400 च्या वर फिरणार. तीच जीप 3.73 वर असती, म्हणजे 41 आणि 11 दात, तर त्याच वेगाला इंजिन 1700 फिरलं असतं. इंजिनाचा प्रत्येक फेरा फुकट नसतो. पिस्टन घासतो, बेअरिंग घासतात, ऑइलचा पंप, पाण्याचा पंप, पंखा सगळं फिरतं. रिकामी मोट ओढली तरी बैल दमतोच.

पेट्रोल स्वस्त होतं तोवर कोणी हे मोजलं नाही. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि दोन-तीन महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. अमेरिकेसारख्या देशाने जानेवारी 1974 मध्ये कायदा करून महामार्गावर ताशी 55 मैल, म्हणजे 88 किलोमीटरची मर्यादा घातली. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर अडथळा चौपट. म्हणून आधी वेगाला लगाम.

मग बाकीच्या गोष्टी आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच आधीपासून पडून होत्या. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा गिअर, अमेरिकेत क्रायसलरच्या गाड्यांना 1934 मध्येच आला होता. स्वस्त तेलाच्या काळात लोक विसरले. 1980 नंतर तो परत सगळ्या गाड्यांत शिरला. आपल्या पिकअपचा पाचवा गिअर म्हणजे बहुतेक तोच. रेडियल टायरचं तसंच. फ्रान्सच्या मिशलिनने 1946 मध्ये पेटंट घेतलं, 1949 मध्ये बाजारात आणला. अमेरिकेतल्या कंपन्या मात्र तेलाचा चटका बसेपर्यंत जुन्या पद्धतीच्या टायरवरच अडून राहिल्या.

जुना टायर, ज्याला आपण नायलॉन म्हणतो, त्याच्यात दोऱ्यांचे थर तिरके, एकावर एक फुलीसारखे असतात. चाक फिरताना टायर दबतो, सुटतो, आणि ते थर एकमेकांवर घासतात. पंधरा-वीस किलोमीटर गाडी पळवा आणि हात लावून बघा, टायर तापलेला असतो. ती उष्णता म्हणजे तुमचं डिझेलच आहे, टाकीतून निघून टायरमार्गे हवेत गेलेलं. रेडियलमध्ये दोरे सरळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात आणि वर तारेचा पट्टा असतो. बाजू मऊ, तळवा ताठ. म्हणून तो कमी तापतो. त्याची बाजू फुगीर दिसते म्हणून हवा कमी आहे असं वाटतं, आणि आपले लोक नुसतं बघून हवा भरतात. गेज लावल्याशिवाय रेडियलची हवा कळत नाही. आणि एकाच एक्सलवर एक नायलॉन, एक रेडियल हा प्रकार तर कधीच करू नका, ब्रेक मारल्यावर गाडी कुठं जाईल सांगता येत नाही.

त्याच तेलटंचाईने आपल्याकडे डिझेल जीप आणली. महिंद्राने 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा करार केला. पण त्याच्याही आधी आणि नंतरही गावोगावच्या मिस्त्रींनी आपापल्या डोक्याने पेट्रोलच्या जीपमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं. त्या गाड्या मी चालवल्या आहेत. डिझेल इंजिन जोर खालीच देतं, जास्त फिरत नाही. 5.38 च्या क्राऊनवर अशी गाडी पन्नास-साठला गेली की किंचाळायची. चांगला मिस्त्री असला तर म्हणायचा, "इंजिन बदललं, आता क्राऊन पण बदला." त्याला ना कुठलं पुस्तक माहीत होतं ना कागदावरचा हिशोब, पण इंजिन, गिअर आणि टायर हे एकाच कुटुंबातले आहेत हे त्याला कानाने कळत होतं.

हेच मोठ्या कंपनीत कसं झालं ते सांगतो, कारण त्यात ट्रॅक्टरचा संबंध आहे. कमिन्स कंपनीने केस या ट्रॅक्टर कंपनीबरोबर भागीदारी करून 1980 च्या दशकात बी मालिकेची इंजिनं काढली, मुख्यतः शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी. (कमिन्स आपल्या पुण्यातही आहे, 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर सुरू झालेली.) त्यातलं सहा सिलिंडरचं 5.9 लिटरचं इंजिन डॉज कंपनीने 1989 मध्ये आपल्या पिकअपमध्ये बसवलं. ताकद 160 हॉर्सपॉवर, आणि जोर तर 1700 च्या आसपासच पूर्ण. 2500 च्या पुढं त्याला पळवण्यात अर्थच नव्हता. अशा इंजिनाला खालचा क्राऊन देऊन चालणार नव्हतं. म्हणून डॉजने काही गाड्यांना 3.54 आणि तीन गिअरच्या ऑटोमॅटिकला तर 3.07 दिला. 43 आणि 14 दात. त्या टायरवर ताशी 88 ला इंजिन साधारण 1800 फिरतं. तीच गाडी 4.10 वर असेल तर 2400. तिकडच्या जुन्या डॉजवाल्यांत 3.07 ला अजून मान आहे तो यामुळे. पण ज्यांना मागं जनावरांची ट्रेलर ओढायची होती ते मात्र जास्त आकड्याचाच क्राऊन मागायचे, आणि तेही बरोबर होते.

इथं लोकांचा गोंधळ होतो म्हणून थोडं थांबतो. "इंजिन कमी फिरलं म्हणजे डिझेल कमी" हे अर्धंच खरं आहे. डिझेल इंजिन मध्यम फेऱ्यांवर आणि बऱ्यापैकी ओझ्याखाली सगळ्यात चांगलं काम देतं. फेरे फार खाली नेले आणि ओझं पुरं टाकलं की ते गुदमरतं. काळा धूर निघतो, तो न जळलेला पैसा. हादरे बसतात, बेअरिंगला मार बसतो. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत तर काजळी सायलेन्सरच्या जाळीत अडकते आणि ती जाळायला परत डिझेल लागतं. आताच्या कॉमन रेल पिकअपचा जोर साधारण 1400 ते 2200 या पट्ट्यात असतो. भरल्या गाडीला या पट्ट्यात ठेवणं म्हणजे ॲव्हरेज.

ट्रॅक्टरवाल्यांना हे माहीत असतं. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात विल्मोट क्रोझियर हा शेतकरी आमदार होता, निकृष्ट ट्रॅक्टर गळ्यात पडून पोळलेला. त्याच्या पुढाकाराने 1919 मध्ये कायदा झाला की तपासणीशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही, आणि 1920 पासून तिथल्या विद्यापीठात चाचण्या सुरू झाल्या. पुढं त्या चाचण्यांत एक मुद्दाम धरलेला भाग आला: अर्ध्या ओझ्यावर, वरचा गिअर टाकून, थ्रॉटल कमी करून किती डिझेल लागतं. हलकं काम असेल तर वरचा गिअर आणि कमी थ्रॉटल, डिझेल वाचतं. जड नांगरट असेल तर तसं करायचं नाही. पिकअपलाही हाच नियम.

आता पुतण्याच्या टायरकडे येऊ.

त्याच्या गाडीला 215/75 आर 15 टायर आहे. या आकड्यांचा अर्थ: रुंदी 215 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 75 टक्के, रिम 15 इंच. टायरची पूर्ण उंची निघते साधारण 703 मिलिमीटर. त्याला सांगितलेला मोठा टायर 235/75 आर 15, उंची 733. म्हणजे सव्वाचार टक्के मोठा. क्राऊन 4.10 चा असेल तर तो 3.93 चा झाल्यासारखं.

ऐकायला चांगलं वाटतं. पण टायर मोठा झाला की तो रुंद आणि जड पण होतो. थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीला दर वेळी ते वजन फिरवायचं असतं. गाडी उंच होते, ब्रेकला जास्त काम पडतं. कंपनीने न मंजूर केलेलं माप पासिंगला आणि विम्याला अडचण करतं ते वेगळंच. आणि मुख्य म्हणजे मीटर खोटं बोलायला लागतो. गाडी 104 किलोमीटर गेली तर मीटर 100 च दाखवणार. उलट टायर घासून 8 मिलिमीटर रबर गेलं तर उंची 16 मिलिमीटरने कमी होते, सव्वादोन टक्के, आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. वर घासलेला टायर दबायला रबरच कमी असल्याने थोडा हलका फिरतो. म्हणून नवे टायर टाकले की "ॲव्हरेज पडलं" अशी ओरड गावात नेहमी होते. त्यातलं काही खरं असतं, काही नुसतं मीटरचं. मोजायचंच असेल तर रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड धरा किंवा मोबाईलचं जीपीएस, आणि टाकी टू टाकी भरा. एका फेरीवर विश्वास ठेवू नका, पाच-सहा फेऱ्या मोजा.

क्राऊन बदलायचा की नाही, हे रस्ता ठरवतो. आमच्या जुन्नर भागाची एक गंमत आहे. माल भरून आम्ही माळशेज उतरतो आणि रिकामी गाडी घाट चढते. कोकणातून आंबा भरून वर येणाऱ्याचं बरोबर उलटं. त्याने कमी आकड्याचा क्राऊन टाकला तर भरल्या गाडीला घाटात पहिल्या-दुसऱ्यात रडत यावं लागेल, वाचलेलं डिझेल तिथंच जाईल आणि क्लचप्लेट पण जाईल. आम्हाला चढाची ती भीती कमी. पण उतार आहे! कमी आकड्याच्या क्राऊनवर इंजिन गाडीला मागं कमी ओढतं, म्हणून भरली गाडी उतरवताना आणखी एक गिअर खाली यावं लागतं. आणि इथं ड्रायव्हर लोक डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरतात. बाबांनो, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल पितंच. म्हणजे न्यूट्रलने डिझेल वाचत नाही आणि ब्रेक मात्र तापून जातात.

आपला क्राऊन किती आहे हे माहीत नसेल तर घरी मोजता येतं. सपाट जागेवर बाकीच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या, गाडी न्यूट्रल. ते चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. जो आकडा येईल तो तुमचा क्राऊन. एकच चाक उचललंय म्हणून दोन फेरे, हे विसरू नका.

पुतण्याबरोबर बसून रुपयाचा हिशोब केला. वाशीची फेरी जाऊन-येऊन 300 किलोमीटर धरली. 12 चं ॲव्हरेज असेल तर 25 लिटर, साडेतेराचं असेल तर सव्वाबावीस. फरक पावणेतीन लिटर, नव्वदच्या भावाने अडीचशे रुपये. हंगामात शंभर फेऱ्या झाल्या तर पंचवीस हजार. त्याच्या कर्जाचे दोन हप्ते. आता 12 वरून साडेतेरा मोठ्या टायरने होणार नाही. सव्वाचार टक्के उंच टायरने फार तर तेवढाच फायदा, तोही वजनात अर्धा जाणार. क्राऊन बदलायचा तर हाऊजिंग उघडा, नवा सेट, शिम लावून दातांची बैठक जमवणारा मिस्त्री शोधा. बैठक चुकली की महिन्यात हूं-हूं आवाज आणि परत खर्च. शिवाय त्याची गाडी ताशी 60 ला पाचव्यात 1700-1800 च फिरते. नांगराचा क्राऊन घेऊन रस्त्यावर पळणाऱ्या जुन्या जीपचं दुखणं या गाडीला नाहीच.

त्यामुळं ठरलं असं: त्याच मापाचे, चांगल्या कंपनीचे, रस्त्याच्या नक्षीचे रेडियल. शेतात चिखलात जाईल म्हणून जाड खोबणीचे घ्यावेत असा त्याचा हट्ट होता. मी म्हटलं, वर्षात पंधरा दिवस चिखल, त्यासाठी साडेतीनशे दिवस डिझेल कशाला जाळायचं? चिखल असेल तेव्हा क्रेट बांधापर्यंत ट्रॅक्टरने आणू. हवा भरल्या गाडीच्या मापाने, थंड टायरवर, दर आठवड्याला स्वतःच्या गेजने. वेग सत्तरच्या आत. वहीत प्रत्येक फेरीचं वजन, किलोमीटर, लिटर लिहायचं.

टायर परवा बसले. पहिल्या दोन फेऱ्या लिहिल्यात, पण दोन फेऱ्यांचा आकडा सांगणार नाही. हंगामाच्या वीस-पंचवीस भरल्या फेऱ्या झाल्या की वहीचं पानच इथं टाकतो, वजनासकट.